मलिदा कुणी केला

पोहेच ते, बरोबर ओळखलंत — पण कांदेपोहे नव्हेत, हे गोड, मलिदा म्हणतात आमच्यात — आणि आता नको म्हणू नका, कारण ह्या बाकावर मराठी बोलणारं माणूस भेटेल असं काही मी धरून चाललो नव्हतो. मघाशी तुम्ही फोनवर म्हणालात ना, "अगं, डब्यात काय दिलंस त्याला," तेव्हाच माझे कान उभे राहिले. म्हटलं, ही आपली. कुठल्या तुम्ही? पुण्याच्या. अस्सं. आणि नाव? रूपाली. छान आहे. आडनाव नाही विचारत मी, तुम्हीही सांगू नका, आमच्या घरात ते विचारत नाहीत — का, ते सांगेन. मी इसहाक. गावाकडे इसाजी म्हणायचे. अलिबागच्या अंगाला नवगाव आहे, त्या बाजूचा. समुद्राकाठचा माणूस, आणि बसलाय कुठं, तर विलायतेत, एजवेअरला, बसस्टॉपवर, मांडीवर डबा घेऊन. थोडं सरकता का इकडे? नाही, थंडी नाही वाजत मला, तुमच्यामुळे ते दार दिसत नाहीये म्हणून. ते समोरचं — पिवळं जाकीट घालून माणूस उभा आहे ना, तेच. तिथं आत माझी नात आहे. सारा. अकरा वर्षांची. आता येईल ती. येईलच.

आम्ही ज्यू. हो, मराठी आणि ज्यू, दोन्ही — तुम्ही भुवया वर केल्यात ते दिसलं मला, त्यात काही वाईट नाही, इथल्या ज्यूंच्याही भुवया वरच जातात. बेने इस्रायल म्हणतात आम्हाला. फार जुन्या काळी गलबत फुटलं नवगावच्या किनाऱ्याला, सात बायका आणि सात पुरुष तेवढे वाचले, त्यांची आम्ही पोरं. असं आमची आजी सांगायची, तिला तिच्या आजीनं सांगितलं, लिहून कुणी ठेवलंय? आमचा घाणा होता तेलाचा. शनवारी बैल जुंपायचे नाहीत, हात लावायचा नाही कशाला, म्हणून गावानं नाव पाडलं शनवारतेली. शाळेत मी गेलोच नाही, बैलामागं गोल गोल फिरलो तेवढाच. तेव्हा वाचता येत नाही मला, ना मराठी ना इंग्रजी, ना ती आमची इब्री. प्रार्थना येतात, पण त्या तोंडपाठ. शमा येतो. एलियाहू नबीचं येतं. तेवढ्यावर ऐंशी वर्षं निघाली, वाईट नाही निघाली.

कॅम्प, होय, तेच सांगत होतो. इथं काय आहे, उन्हाळ्याची सुटी लागली की पोरं कॅम्पला जातात. आईबाप सोडून, डोंगरात कुठंतरी, तंबूत नाहीतर शाळेच्या इमारतीत, दोन आठवडे. आणि ज्यू पोरांचे ज्यू कॅम्प, त्यातही पुन्हा पंथ — आपल्याकडे गणपतीची मंडळं असतात ना गल्लीगल्लीत, वर्गणी वेगळी, ढोल वेगळा, तसं. आज त्या हॉलात सगळ्यांनी टेबलं मांडलीत. आईबापांनी यायचं, पोरांनी यायचं, बघायचं, विचारायचं, ठरवायचं. मला पाट्या वाचता येत नाहीत, म्हणून मी टेबलक्लॉथवरून लक्षात ठेवलं. निळ्या कापडाचं टेबल एक आणि हिरव्या कापडाचं एक. बाकीची आमच्यासाठी नाहीतच. साराला निळ्याला जायचंय. तिची मैत्रीण आहे तालिया, दोघी शाळेत एका बाकावर, ती निळ्याला जाते दरवर्षी. आणि खोटं कशाला सांगू, मलाही निळंच आवडलं. सकाळी उठून शमा म्हणतात ते. शनवार पाळतात, कडक. जेवणाआधी हात धुतात, जेवणानंतर गातात — ते पोरगं गाऊन दाखवत होतं, चाल आमची नव्हे, पण शब्द तेच, माझे ओठ आपोआप हलायला लागले. हिरव्या टेबलावर गिटार ठेवलेली. शनवारीही वाजवतात म्हणे. मला ते काही — म्हणजे वाजवोत, पण माझ्या हातून पोर तिथं जावी, असं नाही वाटलं.

ही तुमची बस नव्हे ना? नाही? बरं. खा, घ्या अजून. खोबरं ओलं आहे, इथं मिळतं आता. खजूर, केळ्याचे काप, वेलची. हात पुसायला हा रुमाल घ्या, धुतलेला आहे.

आता तुम्ही म्हणाल, आजोबा, नात आत आणि तुम्ही डबा घेऊन बाहेर का? त्याचं असं झालं. मलिदा हा नुसता खायचा पदार्थ नव्हे. शुभकार्य असलं, कुणी लांब निघालं, नवस फेडायचा असला की ताट मांडायचं, एलियाहू नबीचं नाव घ्यायचं आणि मग वाटायचं. आमच्याकडे, अलिबागजवळच्या खंडाळ्याला, खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण आहे, तिथं जाऊनही करतात. पोर पहिल्यांदा घराबाहेर राहायला जाणार, कुठलं का टेबल असेना, म्हणून मी म्हटलं, आज मलिदा करायचा. सकाळी ताट मांडलं, प्रार्थना म्हटली, आणि डबा भरून घेतला — जिथं ठरवायचं तिथंच वाटू, त्या लोकांना देऊ, पोरीला सांभाळणार आहेत ती माणसं. मला काय ठाऊक. गेटवर त्या पिवळ्या जाकिटानं डबा उघडायला लावला. व्हॉट इज धिस. सारानं सांगितलं काहीतरी. तो चांगला आहे हो, आडदांड दिसतो तेवढाच. तो म्हणाला, घरचं शिजवलेलं आत नाही चालत, हॉलात फक्त शिक्क्याचं अन्न. का, तर कुणाच्या स्वयंपाकघरात काय शिजतं, ते त्यांनी बघितलेलं नसतं. आपल्याकडे सोवळं नसायचं का, तसलंच. मी म्हटलं, संत्रं चालेल? पिशवीत संत्री होती दोन. म्हणाला, न सोललेलं चालेल. म्हणजे देवानं पॅक केलेलं चालतं, सुनेनं केलेलं नाही. हसला तो. खरंच हसला, सारानं सांगितल्यावर. आणि म्हणाला, आजोबा, जा, डबा बंद ठेवा, मी बघितलाच नाही.

म्हणून आत गेलो तर होतो. बाहेर नंतर आलो.

तुम्हाला घाई आहे का? कारण हे सांगायचं तर थोडं मागून सांगावं लागेल. मुलगा माझा, हनोक, तो यायला हवा होता आज. बापानं यायचं असतं. सगळ्या पोरांचे बाप आलेत आत, बघा, गाड्या लागल्यात केवढ्या. आणि हा मिल्टन कीन्सला गेला. काम आलं म्हणे. रविवारचं काम. कॉम्प्युटरचं काम करतो तो, कॉम्प्युटरला रविवार नसतो म्हणाला. काल जेवताना म्हणाला, बाबा, तुम्ही जा साराला घेऊन, तुम्ही दाढीवाले, टोपीवाले, तुम्ही शमा म्हटलात तर ते काही — आणि थांबला. वाक्य पुरं नाही केलं त्यानं. कल्याणी वाढत होती ना. ती पातेलं घेऊन तशीच उभी राहिली क्षणभर, मग मला भात वाढला, त्याला वाढला, आणि आत गेली.

कल्याणी माझी सून. नागपूरची. हो, आमच्यातली नव्हे. बौद्ध आहे ती, तिच्या माहेरी दारात पाऊल टाकलं की जय भीम. दिवाणखान्यात आमच्याकडे एका भिंतीवर यरुशलेम आहे आणि दुसऱ्या भिंतीवर बाबासाहेब, दोघं समोरासमोर, आजवर काही भांडण झालेलं नाही. आणि आता मी तुम्हाला सांगतो, शुक्रवारी संध्याकाळी दिवे कोण लावतं आमच्या घरात? ती लावते. माझी बायको सिमहा, ती गेली. जाण्याआधी हात धरून शिकवलं तिनं ह्या पोरीला — मलिदा, बिरडं, हलवा, दिवे कसे लावायचे, डोळ्यांवर हात कसा धरायचा. कोलंबी आमच्या धर्मात चालत नाही, ती सोडली तिनं आमच्यासाठी. नागपूरच्या माणसाला कोलंबीचं काय, म्हणाल तुम्ही, पण तिला आवडायची हो. मी सांगितलेलं नव्हतं सोड म्हणून. आपणहून. फक्त एकच केलं नाही तिनं. ती ज्यू झाली नाही. हनोक म्हणाला होता लग्नाच्या वेळी — कोर्ट असतं इथं धर्माचं, अभ्यास करावा लागतो, परीक्षा घेतात, मग पाण्यात बुडी, मग झालं. तर ती म्हणाली, आणि माझ्यासमोर म्हणाली, लपवून नाही — "बाबा, माझ्या आजोबांनी एक दार सोडलं, कारण त्या दारात उभं राहिलं की विचारायचे, तू कोण, कुणाचा. त्यांनी नागपूरला दीक्षा घेतली ती पुन्हा दुसऱ्या कुणाच्या दारात नातीनं उभं राहून उत्तरं द्यावीत म्हणून नव्हे. तुमचे सण मी करीन. परीक्षा नाही देणार." मी म्हटलं, नको देऊ. मी कुठल्या परीक्षेला बसलोय?

पण इथंच मेख आहे. निळ्या टेबलावाल्यांचा कायदा असा, की पोर ज्यू कधी, तर आई ज्यू तेव्हा. बापाचं धरत नाहीत. त्यांचं काही नवं नाही ते, जुनाच कायदा आहे, आमच्यातही तोच सांगतात म्हाताऱ्या. हिरव्या टेबलावाले दोन्ही धरतात. हनोकला हे सगळं ठाऊक. साराला — साराला ठाऊक नाही असं आम्ही धरून चाललो होतो. आम्ही म्हणजे मी. पोरं किती ऐकतात भिंतीआडून, ते आपण विसरतो.

बघा, दार उघडलं — नाही, दुसरंच कुणी. तो टोपीवाला आणि त्याचा मुलगा. जाऊ द्या.

आता हिरव्या टेबलाचं एक सांगायचं राहिलं. तिथं एक बाई बसली होती, केस पांढरे, गुडघ्यावर पट्टा बांधलेला, वाकता येत नव्हतं तिला. आम्ही तिथं थांबलोही नव्हतो, नुसते पुढून चाललो होतो, तर ती साराला म्हणाली — सारानंच सांगितलं मला नंतर, तोंड वाकडं करून — तुला अंधाराची भीती वाटते का? सारा म्हणाली, नाही. बाई म्हणाली, मला वाटते, म्हणून मी तंबूच्या दारात कंदील ठेवते. बस. एवढंच बोलणं. तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. माझं लक्ष निळ्याकडे. आता इथं बसून तेच आठवतंय मला. कॅम्प कसा निवडावा, त्याचं मला काय कळणार, पण माणसं काय विचारतात ते ऐकावं, असं वाटतंय आता. घाण्यावर दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं यायची. एक म्हणायचं, तीळ कुठले? आणि दुसरं म्हणायचं, इसाजी, बैल दमला का रे? दोन्ही बरोबर. तीळ कुठले ते विचारायलाच हवं. पण मला ते दुसरं आवडायचं.

निळ्या टेबलावर एक मुलगी होती, लांब स्कर्ट, विशीची असेल, गोड मुलगी हो, तिचं काही चुकलं नाही, हे आधीच सांगतो. तालियाची ओळखीची. सारा खुलली एकदम. ती मुलगी माझ्याशी बोलली, सारा मधे उभी राहून इकडचं तिकडं करत होती — मला इंग्रजी येत नाही, यस, नो, थँक्यू, व्हेरी कोल्ड टुडे. मी शमा म्हणून दाखवला. ती उभी राहिली ऐकताना. मग माझी खुमखुमी, दुसरं काय. मी डबा काढला. बंद ठेवा सांगितलं होतं, तरी काढला. म्हटलं, वास तर घेऊ दे पोरीला, मलिद्यात वासाचीही बरकत असते. झाकण उघडलं. तिनं वाकून वास घेतला, आणि हसून काहीतरी विचारलं. सारा मला म्हणाली, "आजोबा, ती विचारते, हे कोण केला?" असंच बोलते ती, तिची मराठी अशीच आहे, मला आवडते. मी म्हटलं — मोठ्यानं म्हटलं मी, मला अभिमान आहे म्हणून — सांग तिला, तुझ्या आईनं केलाय. नागपूरची आहे. ज्यू नाही, पण असा मलिदा अख्ख्या अलिबागेत मिळणार नाही.

आणि सारा थांबली.

तुम्ही बघितलंय का कधी, पोर पायरीवरून उडी मारायच्या आधी थांबतं तसं? तशी. माझ्याकडे बघितलं नाही तिनं. त्या मुलीकडे बघून इंग्रजीत बोलली, भराभरा, हसत हसत. आता मला इंग्रजी येत नाही, पण नागपूर हा शब्द इंग्रजीतही नागपूरच असतो ना? तो आला नाही. मम्मी आला नाही. एक शब्द आला, आणि तो मला येतो, कारण शाळेच्या फाटकात सिमहाला सगळी पोरं त्याच नावानं हाक मारायची. ग्रँडमा. माय ग्रँडमा, म्हणाली ती.

नाही, तुम्ही असं तोंड नका करू, ती वाईट पोर नाही. खोटं बोलायची सवय नाही तिला. आणि मी तरी काय केलं? मी तिथं उभा. मला कळलं, आणि मी मान डोलावली. हो, अशी. डोलावली मान मी, त्या मुलीकडे बघून. मग ती मुलगी माझ्या हाताला हलकेच — हात लावत नाहीत त्या परक्या पुरुषाला, तर बाहीजवळ हात नेला नुसता — आणि खुणेनं म्हणाली, डबा बाहेर ठेवाल का, नियम आहे. बाहेर म्हणजे भिंतीला लागून फळी होती तिथं. डब्यावर प्रार्थना झालेली, तो मी जमिनीजवळ कसा ठेवू? म्हणून म्हटलं, मीच थांबतो बाहेर. सारा म्हणाली, "आजोबा, तुम्ही थांब, मी येते." सुटल्यासारखी म्हणाली. मी बाहेर गेलो ते तिला बरं वाटलं. बरोबर आहे. मी आत असतो तर पुन्हा काहीतरी बोललो असतो.

ही बस तुमची होती, नाही का? सोडलीत? माझ्यासाठी कशाला. बरं, सोडलीत तर घ्या अजून थोडा. हा डबा भरलेला घरी न्यायचा नसतो. आजवर कधी परत गेला नाही मलिदा आमच्या घरी, गावात तर वाटेत गुराखी भेटला तरी त्याच्या ओंजळीत घालायचे. तुम्ही पहिल्या आज. तुम्ही खाल्लात म्हणून मला जरा — पण नाही, स्वस्थ वाटत नाही. उगाच खोटं कशाला बोलू.

माझी मोठी बहीण होती, मिल्का. आमच्यातले पुष्कळ इस्रायलला गेले तेव्हा तीही गेली. तिथं लग्न ठरलं तिचं. चांगला मुलगा. तर तिथल्या कचेरीत विचारलं, तुझी आई कोण? सांगितली. तिची आई? सांगितली. तिची? आम्ही हिंदुस्थानातून आलेले ना, आमच्यावर त्यांचा भरवसा बसेना. बाकीच्यांना विचारत नव्हते, आम्हालाच विचारत होते. मिल्का म्हणाली, साहेब, गलबतातून उतरल्या त्या सात बायका, त्यांना विचारा, दाखले त्यांच्याकडे होते, ते भिजले. हसत सांगायची ती. पण तेव्हा हसली नव्हती. मग आमची माणसं बसली रस्त्यावर, सगळी, पोरंबाळं घेऊन, हीसुद्धा बसली. शेवटी मिटलं ते, लग्नही झालं. पण पुढं कधी गावी आली ना, तर कुणी सहज म्हटलं, बाई, तुम्ही कुणाकडच्या, तर ती उठून आत जायची. म्हणून म्हटलं तुम्हाला मघाशी, आडनाव विचारत नाही.

आणि बघा गंमत. मिल्कानं आईचं नाव सांगितलं, आजीचं सांगितलं, सांगायला नावं पुरली नाहीत तिला. कल्याणीच्या आजोबांनी विचारणारं दारच सोडलं. दोघांनी आपलं माणूस नाही हो लपवलं. आणि तिसरी ही पोर, तिला अजून कुणी धड विचारलंही नव्हतं, नुसतं मलिदा कुणी केला एवढंच विचारलं होतं, वास आवडला म्हणून — आणि तिनं आई लपवली. कुणी शिकवलं तिला? हनोक मिल्टन कीन्सला गेला, त्यानं शिकवलं. मी दाढी घेऊन आलो, मी शिकवलं. मान कोणी डोलावली?

ते लोक तर पुढे विचारणारच. आईबापांच्या लग्नाचा दाखला मागतात, हनोकच म्हणाला होता. तेव्हा कळेल आणि पोर तोंडावर पडेल, ते एक. पण न विचारता घेतलं तिला, धरा. गेली ती. तालियाच्या शेजारी झोपली, शमा म्हटला, गाणी म्हटली. आणि शुक्रवारी कुणी म्हणालं, तुझ्या घरी दिवे कोण लावतं गं? तर काय म्हणेल? पुन्हा ग्रँडमा. मेलेल्या बाईला रोज उठवेल. आणि कल्याणी इथं — आज तिची हॉस्पिटलात ड्यूटी आहे, लॅबमध्ये असते ती, पहाटे उठून पोहे भिजवून, खोबरं खवून गेली. जाताना साराला म्हणाली, तिथल्या ताईंना विचार हं आवडला का. आता सारा तिला काय सांगणार घरी जाऊन? आवडला, पण तू केलास हे नाही सांगितलं?

मी विचार करत होतो, तुम्हाला इंग्रजी येतं, तुम्हाला घेऊन आत जावं, म्हणावं, सांगा त्या मुलीला. मग वाटलं, कशाला. पोरीला तालिया हवी आहे, एवढीशी तर हौस. म्हाताऱ्यानं गप्प बसावं, डबा मांडीवर घ्यावा. मग पुन्हा वाटतं, नाही. असं सगळं चाललंय माझं मघापासून, तुम्ही आलात त्याच्या आधीपासून. उठतो, बसतो. गावाकडे आमच्यात एक सण असायचा, दारफाळणीचा म्हणायचे — वर्षात एक दिवस दार लावून घ्यायचं, उपास, पांढरे कपडे, बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी दार उघडायचं ते सताड, येईल त्याला वाढायचं, दाराशी आला तो कोण म्हणून विचारायचं नाही. लावायचं तेव्हा लावा, माझं म्हणणं नाही. पण दारामागे आई कोंडायची नसते.

आली. ती बघा, आली. लाल जाकीट. हसतेय. छातीवर काहीतरी चिकटवलंय, नावाचा कागद दिसतोय, निळा. घेतलं वाटतं तिला. धावू नको गं, गाडी बघ, दोन्हीकडे बघ — हां. ये. बस इथं. ह्या रूपालीताई, आपल्या आहेत, मराठी. हो, मी सगळ्यांशी बोलतो, मला ठाऊक आहे. हो म्हणाले? तालियाच्या खोलीत? छान. छान गं. फक्त बाबांनी फोन करायचा. बरं. करेल तो.

सारा, इकडे बघ. हा डबा धर. दोन्ही हातांनी. ह्या ताईंनी खाल्ला मलिदा, त्यांना फार आवडला. पण त्यांना मी सांगितलेलं नाही कुणी केला ते. तूच सांग.

सांग की.

घाई नाही. बसू आपण.

रागावलो नाही गं मी. मी कशाला रागावू, मान मी पण डोलावली होती, तू बघितलीस. रड, रडायला काही हरकत नाही, नाक पूस ह्या रुमालाला. ह्या ताईंनी हात पुसलेत त्याला, राहू दे. कुणी केला मलिदा?

ऐकू नाही आलं बाळ, बसचा आवाज होता. पुन्हा सांग.

हां. मम्मीनं. कुठली मम्मी तुझी? — नागपूरची. बघ, इंग्रजीतही तेवढाच लांब शब्द आहे, जीभ काही अडकत नाही. ऐकलंत ना ताई? आता एवढंच आत जाऊन त्या मुलीला सांगायचं. मी नाही येत बोलायला, मी दारात उभा राहतो, त्या पिवळ्या जाकिटाशेजारी. ती गोड मुलगी आहे, ती ओरडणार नाही. नाही म्हणेल कदाचित. म्हणाली तर तालिया सोमवारी शाळेत आहेच. आणि त्या गुडघ्याला पट्टा बांधलेल्या बाईला विचारू, कंदील कसला वापरते. गिटारीचं काय, वाजवू दे तिला. मी काय तंबूत येणार आहे ऐकायला?

तुमची बस आली, रूपालीताई. ही सोडू नका. जा, जा तुम्ही, आमचं पुढचं आम्ही बघतो. झाकण? ते तुमच्याच हातात राहिलं होय. राहू दे. डबा उघडाच नेणार आहे ती.